सिडनी पॉयटिएला वाचायला शिकवणाऱ्या वेटर आजोबांस

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. ज्याच्यासाठी तुम्ही रात्री मागे थांबलात त्यालाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं आजोबा म्हणते. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तुम्ही वेटर होतात, ज्यू होतात, उतारवयाचे होतात. तो एवढंच सांगायचा. तो म्हणजे तिथे भांडी घासणारा आणि पुढे हॉलिवूडचा मोठा नट झालेला पोरगा, सिडनी पॉयटिए.

त्याची एक जुनी मुलाखत मी परवा पुन्हा पाहिली. तुमचा विषय निघाला आणि ऐंशी पार केलेल्या त्या माणसाचा गळा दाटून आला. तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी त्याला कोण कोण भेटलं ते सांगते. बहामातल्या कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवणाऱ्या आईबापाचं हे शेंडेफळ. शाळा जेमतेम दीडेक वर्षाची. पंधराव्या वर्षी मायामीला भावाकडे आला. तिथे सामान पोचवायला एका घरी गेला आणि पुढच्या दाराशी उभा राहिला, तर बाईंनी मागच्या दाराने यायला फर्मावलं. न्यूयॉर्कला आल्यावर झोपायला जागा नव्हती. मग पेपरात नट पाहिजेत अशी जाहिरात दिसली, म्हणून हार्लेममधल्या अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये गेला. हातात दिलेली संहिता एकेक शब्द लावत वाचू लागला, तेही बेटावरच्या हेलात. ऑडिशन घेणाऱ्याने त्याला धरून दाराबाहेर काढलं आणि वर सल्ला दिला, जा, कुठेतरी भांडी घास. तो तेच काम करत होता हे त्या गृहस्थाला कुठून ठाऊक असणार! मला राग येतो तो एवढ्यासाठी की ती संस्था काळ्या कलावंतांनी काळ्या कलावंतांसाठीच उभी केलेली होती. दार तोंडावर आपटलं की कसं वाटतं, हे तिथल्या माणसांना कोणी शिकवायला नको होतं.

आणि मग तुम्ही. हॉटेलातली गिऱ्हाइकं गेलेली, पोरगा पेपर धरून बसलेला. तुम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहिलंत, उठून जवळ आलात आणि विचारलंत, पेपरात काय नवीन? तो म्हणाला, सांगता येणार नाही, मला नीट वाचता येत नाही.

इथे माझा जीव अडकतो. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. बँकेत गेले की चष्मा घरी राहिला म्हणायचे आणि स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायचे. खिडकीपलीकडचा माणूस ओळखून होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, ‘काय हो, रोजच राहतो का चष्मा?’ लोक हसायचे, वडीलही हसायचे. ते लहान असताना मास्तरांनी ‘याच्या डोक्यात काही शिरणार नाही’ म्हणून गुरांमागे धाडून दिलं होतं. पुढे अख्ख्या आयुष्यात त्यांना हसणारे भेटले, हळहळणारे भेटले, सरकारी योजनेचं पत्रक हातात कोंबणारेही भेटले. (निरक्षराला पत्रक!) शेजारी बसणारं कोणी भेटलं नाही.

तुम्ही हसला नाहीत, अरेरे म्हणाला नाहीत. शिकवतो असंसुद्धा म्हणाला नाहीत. मी तुझ्याबरोबर वाचलं तर चालेल का, असं विचारलंत. परवानगी मागितलीत! भांडी घासणाऱ्या, काळ्या, अजून मिसरूड फुटायच्या वयाच्या पोराकडे, त्या काळच्या अमेरिकेत. त्याच्या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही. पुढचं सगळं मला तिच्याखाली वाटतं.

मग आठवड्यामागून आठवडे, काम संपल्यावर, तुम्ही त्याच्यासोबत बसलात. शब्द सांगितलेत, ही टिंबं कशासाठी, ती खूण कशासाठी, सगळं. दिवसभर ट्रे उचलून पाय भरून आले असतीलच. घरी कोणी वाट पाहत असेल. ती चाळिशीच्या दशकातली वर्षं. युरोपात ज्यूंवर काय ओढवलं होतं ते जगाला ठाऊक आहे, तुमचं कोण तिकडे अडकलं होतं देव जाणे. चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे कोनशिला, शाल-श्रीफळ आणि फोटो आलाच. तुम्ही बसलात तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

तुमच्या विद्यार्थ्याची खबर द्यायची राहिली. तो त्याच थिएटरमध्ये परत गेला आणि झाडलोट करण्याच्या बदल्यात त्याने शिकवणी पदरात पाडून घेतली. रेडिओ ऐकून ऐकून उच्चार घासून काढले. १९५५ साली ‘ब्लॅकबोर्ड जंगल’मध्ये तो वर्गातला बंडखोर पोरगा झाला, आणि १९६७ साली ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये लंडनच्या वांड पोरांचा मास्तर. तो मास्तर वर्गात शांतपणे उभा राहतो ना, तिथे मला तुम्हीच दिसता. समीक्षक काहीही म्हणोत. मधे १९६४ साली ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी त्याला ऑस्कर मिळालं. प्रमुख भूमिकेसाठी ते मिळवणारा तो पहिला काळा नट. पुढे बहामाचा जपानमधला राजदूतही होता. राजदूताला किती कागद वाचावे लागत असतील, विचार करा!

१९९२ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्याला जीवनगौरव दिला. समोर हॉलिवूडचे सगळे बडे लोक. तिथे त्याने तुमचे आभार मानले. नाव सांगता येत नाही, मला ते कधी कळलंच नाही, म्हणाला; पण आता मी बऱ्यापैकी वाचतो.

६ जानेवारी २०२२ रोजी, ९४ वर्षांचा होऊन तो गेला. नाव झाल्यावर त्याने तुमचा शोध घेतला होता, पण तोवर उशीर झाला होता. तुम्हाला भेटून आभार मानायचे राहून गेले, ही खंत तो बोलून दाखवायचा. हे तुमच्या कानावर कोणी घातलं नसेल, म्हणून मी घालते आहे. त्याच्यातर्फे, आणि माझ्या वडिलांच्या लेकीतर्फे.

आपली नम्र,
एक प्रेक्षक