जुन्या खंडांना लेखवार सूची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांची ग्रंथालये कॅटलॉग ऑनलाइन करतात, पण आग्नेय आशियाविषयक नियतकालिकांपुढे फक्त नाव आणि उपलब्ध खंडांचे आकडे दिसतात. आत कोणते लेख आहेत याचा पत्ता लागत नाही. बिब्लिओग्राफी ऑफ एशियन स्टडीज या आशियाविषयक लेखनाच्या संदर्भसूचीचा ऑनलाइन माहितीसाठा मुख्यतः १९७१ नंतरच्या साहित्यापुरता आहे आणि तो वर्गणी भरून मिळतो. त्यामुळे लेखसूचीची खरी गरज १९७१ पूर्वीच्या खंडांना आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकालाही ब्रह्मदेशावरची जुनी नियतकालिके चाळावी लागतातच.

काम अवघड नाही, मात्र काटेकोर हवे. कोहासारख्या ग्रंथालयीन संगणक प्रणालीत प्रत्येक लेखाची वेगळी नोंद करून ती मार्क २१ या कॅटलॉग-नोंदींच्या प्रमाणित आराखड्यातल्या ७७३ रकान्यातून नियतकालिकाशी जोडता येते. खंड, अंक, वर्ष आणि पृष्ठे ही चारही हवीत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या स्ट्रेट्स (सिंगापूर-मलाया भागातील) शाखेचे जर्नल १८७८ ते १९२२ पर्यंत सलग क्रमांकांनी निघाले. १९२३ मध्ये मलायन शाखा या नव्या नावाने ते पुन्हा खंड १ पासून सुरू झाले. १९६४ मध्ये मलेशियन शाखा असे नाव झाले, पण खंडक्रम तोच राहिला. या तिन्ही नावांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या नाहीत, तर नुसता ‘खंड १’ मागणाऱ्याच्या हाती भलतेच काही येते.

सर्वाधिक घोटाळा व्यक्तिनामांत होतो. थाई लेखक पहिल्या नावाखाली शोधले जातात. व्हिएतनामी नावात कुलनाम आधी येते, पण न्गुयेन इतके सार्वत्रिक आहे की पूर्ण नावाशिवाय नोंद निरुपयोगी. ब्रह्मी नावाला कुलनाम नसते; आधीचा ‘ऊ’ किंवा ‘दॉ’ हा आदरार्थी शब्द असतो, म्हणून ऊ थांट यांची नोंद ‘थांट’खाली हवी. इंडोनेशियात १९४७ पूर्वी ‘उ’साठी डच पद्धतीने ओ आणि ई ही दोन रोमन अक्षरे लिहीत. १९७२ च्या सुधारणेने ‘च’, ‘ज’ आणि ‘य’ यांचेही लेखन बदलले, तरी अनेकांनी स्वतःच्या नावाचे जुने रूप कायम ठेवले. ही सगळी रूपे प्राधिकृत नोंदीच्या (नावाचे प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीच्या) ४०० रकान्यात भरली की कुठल्याही रूपाने शोधले तरी लेख सापडतो. थिबाचेही इंग्रजी लेखन तीन-चार प्रकारे होते, तिथे हाच उपाय.

थाई प्रकाशनांवरच्या बौद्ध सनाचे इसवी सन काढताना सरसकट ५४३ वजा करू नयेत. १९४१ पूर्वी तिथले वर्ष एप्रिलमध्ये सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या अंकांसाठी ५४२ वजा करावे लागतात.

फ्रेंच प्राच्यविद्या संस्थेचे १९०१ पासूनचे बुलेटिन पेर्से संकेतस्थळावर मोफत आहे, आणि लायडनच्या ‘बायड्राखेन’ या नियतकालिकाचे जुने खंडही खुले आहेत. त्यांच्या फक्त जोडण्या द्याव्यात. मनुष्यबळ खर्च करायचे ते कपाटात असलेल्या आणि इतरत्र कुठेच सूची नसलेल्या खंडांवर.

आपला,
एक ग्रंथपाल, पुणे