तक्त्यावरच्या सह्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णसेवेवर लेख आला की परिचारिकांच्या सेवाभावाचे कौतुक हमखास होते; त्या सेवेला लागणाऱ्या वेळाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. बारा वर्षे वॉर्डात काढून आता मी ड्युटी रोस्टर लावते, त्यामुळे दोन्हीकडची ओढाताण मला ठाऊक आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. त्यासाठी बहुधा दोघी लागतात. रात्रपाळीला एकटीकडे वीस रुग्ण, त्यात एकाची सलाईन बंद पडलेली आणि दुसऱ्याचा श्वास वाढलेला असला, की ती कूस राहून जाते. आणि पहाटे पाचला कूस बदलल्याची नोंद करायच्या तक्त्यातील बारा, दोन व चारच्या रकान्यांत एकाच बैठकीत, एकाच पेनाने सह्या होतात. अशा सह्या मीही केल्या आहेत. तपासणीत तो तक्ता निर्दोष ठरला; रुग्णाच्या माकडहाडावर मात्र जखम झाली होती.

व्यवस्थापनाला मी खलनायक ठरवत नाही. खाटा वेळेवर मोकळ्या झाल्या नाहीत तर बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णाला जागा कुठून मिळणार? नोंदी मागण्यातही गैर काही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंची आकडेवारी मांडूनच लष्करी रुग्णालयांत सुधारणांचा आग्रह धरला. पण त्यांच्या आकड्यांनी दोष उघडे पाडले, आमच्या तक्त्यांत ते झाकले जातात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडा एकेन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांतील मृत्यूचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. कॅलिफोर्नियात २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत, हे प्रमाण कायद्याने बांधले आहे. तसा कायदा नसेल तेथे निदान पाळीच्या परिसेविकेला (प्रमुख परिचारिकेला) ‘आता आणखी रुग्ण नको’ असे लेखी सांगण्याचा अधिकार असावा.

आणि तक्त्यात ‘झाले नाही, माणूस नव्हते’ असा एक रकाना असावा, तो भरणारीवर कारवाई होऊ नये. गेल्या बैठकीत मी हे सुचवले, तेव्हा ‘मग तपासणीला काय दाखवायचे?’ असा प्रश्न आला. तोच रकाना दाखवावा, असे मी म्हटले. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

आपली,
एक परिचारिका