सिस्टर, त्या उरलेल्या निम्म्यांबद्दल

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

पहिल्यांदा तुम्हाला भेटायला आले तेव्हा लॅपटॉपवर माझं प्रेझेंटेशन तयार होतं. पहिल्या स्लाइडवर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालातला आकडा होता: विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांचे साधारण ५० टक्केच रुग्ण औषधं नेमाने घेतात. दुसऱ्या स्लाइडवर आमचं ॲप, गोळीची वेळ झाली की गजर वाजवणारं. तुम्ही सगळं शांतपणे पाहिलंत आणि विचारलंत, "उरलेले निम्मे विसरतात, हे तुला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. मीच ते गृहीत धरलं होतं, आणि त्यावर आम्ही तिघांनी आठ महिने घालवले होते. त्या क्षणी मला तुमचा रागही आला. तुम्ही वाद घातला नाहीत. "उद्यापासून माझ्याबरोबर घरोघरी चल. लॅपटॉप आणू नकोस," एवढंच म्हणालात.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. एका आजोबांनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती, कारण त्यांना काहीच त्रास होत नव्हता. आणि रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. एक बाई लघवी वाढवणारी गोळी बाहेर जायच्या दिवशी मुद्दाम टाळायच्या. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, ही त्यांची काळजी होती. त्यांना गजर ऐकवून काय उपयोग होता?

पण मला हादरवलं ते तिसऱ्या घराने. त्या काकू हॉस्पिटलमधून नुकत्याच घरी आल्या होत्या. घरात जुन्या गोळ्या होत्या, हॉस्पिटलने नव्या दिल्या होत्या आणि त्या दोन्ही घेत होत्या, अगदी घड्याळ लावून. तुम्ही दोन्ही पाकिटं उलटी केलीत आणि मला म्हणालात, "मोठ्या अक्षरातलं नाव सोड, खालचं बारीक वाच." दोन्हींवर एकाच औषधाचं नाव होतं, फक्त कंपन्या वेगळ्या. त्या दुप्पट डोस घेत होत्या. आमच्या ॲपने त्यांना दोन्ही गोळ्यांची आठवण अगदी वेळेवर करून दिली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

केनियातल्या एम-पेसाची, म्हणजे मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करायच्या सेवेची, हकिकत मी आधीही वाचली होती. २००५ साली त्याची चाचणी झाली ती छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून. लोक मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरू लागले, आणि २००७ मध्ये सेवा सुरू झाली ती पैसे पाठवण्याची. कंपनीची हुशारी म्हणून मी हे इतरांना सांगत असे. आता मला त्यात आधी ते चाचणीतले लोक दिसतात. काय हवं आहे हे त्यांनी वापरून दाखवलं, आणि ते पाहायला तिथे कोणीतरी हजर होतं.

आमचा गजर अजून आहे, एका कोपऱ्यात. मुख्य काम आता फोनचं. रुग्ण घरी परतला की पहिल्याच आठवड्यात आमचा माणूस फोन करतो, घरातली सगळी पाकिटं समोर ठेवायला सांगतो, बारीक अक्षरातली नावं जुळवतो आणि शंका आली की ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. एका गुंतवणूकदाराने सांगितलं की माणसं लागणारा धंदा झपाट्याने वाढत नाही. त्यांचा हिशोब बरोबर होता. तरी आम्ही फोन बंद केले नाहीत आणि ते पैसे घेतले नाहीत. काकूंच्या घरी जे पाहिलं ते गजराने सुटणारं नव्हतं, आणि कंपनी मी ते सोडवण्यासाठीच काढली आहे, असं मला आता मनापासून वाटतं.

फोनवरचा पहिला प्रश्न तुमचाच आहे. "गोळी घेतली का?" असं आम्ही विचारत नाही. "घेताना काय अडचण येते?" असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला लोक हो म्हणून मोकळे होतात, दुसऱ्याला बोलू लागतात. त्या लघवीच्या गोळीवाल्या बाईंना डॉक्टरांनी बाहेर जायच्या दिवसांपुरती वेळ बदलून दिली आहे. त्यांनी तुमची आठवण काढली.

सोमवारपासून दोन नवी मुलं कामाला येत आहेत. त्यांच्या हाती फोन देण्याआधी आठवडाभर त्यांना तुमच्याबरोबर पाठवू का? लॅपटॉप ऑफिसातच ठेवायला सांगेन.

तुमचीच,
त्या तीन आठवड्यांची विद्यार्थिनी