आधी नोकरी आणि घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी हक्कांच्या चळवळीने आता सगळी ताकद विवाहाच्या मागणीवर लावावी, असे मांडणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखामागची तळमळ माझीही आहे. मी आणि माझा जोडीदार बावीस वर्षे एकत्र राहतो. तरीही हा अग्रक्रम मला पटत नाही.

अमेरिकेत २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. पण समलिंगी म्हणून कुणाला कामावरून काढणे बेकायदा आहे, हे त्याच न्यायालयाने सांगायला २०२० साल उजाडले. मधल्या काळात अनेक राज्यांत विवाहाचा दाखला हाती होता, आणि तो साहेबाच्या नजरेस पडला तर नोकरी जाण्याची धास्तीही होती.

ही धास्ती मी भोगली आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. तुझ्याविषयी काहीबाही कानावर येते आहे, एवढेच म्हणाले आणि टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. तारीखसुद्धा आधीच घातलेली होती, फक्त सहीची जागा मोकळी. मी सही केली. भांडायला हाताशी कायदा नव्हता आणि घरी कळू द्यायचे नव्हते. पुढे भाड्याच्या खोलीबाबतही तेच झाले. ज्याची भाकरी आणि छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तो विवाहाच्या याचिकेवर स्वतःचे नाव कसे घालणार? उघडपणे उभी राहणारी माणसेच नसतील तर चळवळ चालवायची कुणी?

विवाह नको, असे मी म्हणत नाही. जोडीदाराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘मित्र’ असे लिहिले. रक्ताच्या नात्याचे कुणी आहे का, असे मला विचारले गेले. त्याचा पुतण्या गावाहून येईपर्यंत सगळे तीन तास अडले. ते तीन तास मी विसरणार नाही. पण ही अडचण सोडवायला विवाहाच्या निकालापर्यंत थांबायलाच हवे असे नाही. डेन्मार्कने १९८९ मध्येच समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी सुरू केली. विवाहाचा कायदा तिथे २०१२ साली आला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विवाहाला मान्यता नाकारली. तरी पुढच्याच वर्षी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की जोडीदारासोबत संयुक्त बँक खाते उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. असे एकेक दार ठोठावत राहिले पाहिजे.

मात्र घाईपोटी आपल्यातल्याच दुबळ्यांना मागे टाकू नये. २००७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे विधेयक मंजूर व्हावे म्हणून त्यातून ट्रान्सजेंडर व्यक्तींचे संरक्षण वगळले गेले. विधेयक सिनेटमध्ये अडकले ते अडकलेच. वगळलेल्यांच्या मनात ती जखम मात्र राहिली.

मला आशा वाटते ती ब्रिटनमधल्या एका हकिकतीमुळे. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात समलिंगी तरुण-तरुणींनी डबे घेऊन संपकऱ्यांसाठी पैसे जमवले. वेल्समधल्या खाणवस्त्यांशी त्यांचे मैत्र जुळले. १९८५ मध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, त्यात खाणकामगार संघटनेच्या मतांचा मोठा वाटा होता. कामगार संघटना, भाडेकरूंच्या संघटना, स्त्री-संघटना यांच्या मागणीपत्रकात आपले एक कलम असावे आणि त्यांच्या लढ्यात आपली माणसे असावीत, याला मी चळवळीचे पहिले काम मानतो.

आपला,
एक वाचक

(कृपया नाव छापू नये. माझा जोडीदार अजून नोकरीत आहे.)