कालव्यातली बोट म्हणजे क्रूझ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचे प्लॅन सुरू झालेत आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "इंग्लंडमध्ये कॅनॉल क्रूझ, ज्येष्ठांसाठी एकदम निवांत" असा मेसेज फिरतोय, म्हणून हे पत्र. कालवा म्हटलं की आम्हा पुणेकरांना २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ फुटलेला कालवाच आठवतो, पण गेल्या वर्षी मुलगी, जावई आणि नातवाबरोबर आम्ही वेल्समधल्या लँगोलेन कॅनॉलवर चार रात्री बोटीत राहिलो. मजा आली, परत जाऊ. पण क्रूझबिझ काही नाही हो, तिथे आपणच ड्रायव्हर आणि आपणच क्लीनर.

नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, आमची लांबीला साठ फूट, म्हणजे एसटीच्या दीडपट. लायसन्स लागत नाही, थोडा वेळ शिकवतात आणि चावी हातात देतात. मागे उभं राहून दांडा धरायचा, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे डोक्यात बसेपर्यंत मी दोनदा झाडीत घुसलो. स्पीड जास्तीत जास्त ताशी चार मैल, बांधलेल्या बोटींजवळ तर त्याहून हळू, नाहीतर आतल्या माणसाचा चहा सांडतो आणि तो बाहेर येऊन नुसता बघतो.

खरी मेहनत लॉकला, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी कमीजास्त करून बोट खालीवर न्यायची. एल्समियरकडे जाताना न्यू मार्टनला दोन लॉक लागले. हँडल लावून झडपा उघडायच्या, पाणी उतरलं की दाराच्या लाकडी तुळईला पाठ लावून रेटायचं. उतरताना बोट लॉकच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेच्या पुढेच ठेवायची, मागे राहिली तर बूड आतल्या उंबऱ्यावर अडकतं आणि नाक खाली जातं. सौ. वरून "पुढे घ्या, पुढे घ्या" ओरडत होती, रिक्षा मागे घेताना ओरडतात तसं. गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत तरणी माणसं नेलीच पाहिजेत.

पण पॉन्टकसल्टेचा जलसेतू! इंजिनिअर थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली बांधलेला, १८०५ साली सुरू झालेला, २००९ पासून जागतिक वारसा. लोखंडी पन्हळीतून ३०७ मीटर बोट जाते, खाली ३८ मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पाण्याच्या वर वीतभर लोखंड आणि मग हवा. सौ. आत पोह्यांचा कांदा चिरत होती, खिडकीतून बाहेर बघितलं तर जमीनच नाही, सुरी तशीच हातात धरून दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. नातू मात्र खाली मेंढ्या मोजत होता.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. बऱ्याच बोटींत टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी असते, ती भरली की उचलून ठरलेल्या जागी नेऊन आपणच रिकामी करायची. आमच्या बोटीवर ते काम जावयांनी केलं. ज्यांना अधिक महिन्यात चांदीचं ताट दिलं त्यांच्या हातात ते बघून मला कसंसंच झालं, पण माझी कंबर बघता इलाज नव्हता.

जागेअभावी पत्र छोटं करावं लागलं तर जलसेतू काढा, पण कॅसेटचा भाग कृपया ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, सिंहगड रोड, पुणे