आई-अप्पा, तिकिटं काढून झाली आहेत

पुणे, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि अप्पा,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलले असते तर अप्पांनी 'बरं, बघू' म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने 'घर कोन पाहीन वं?' म्हणून विषय संपवला असता. म्हणून पत्र. अप्पा, चष्मा लावून मोठ्याने वाचा, आईला ऐकू जाईल असं.

मी तिघांची तिकिटं काढली आहेत. 8 डिसेंबरला रात्री भुसावळहून मंगला एक्स्प्रेस, उतरायचं रत्नागिरीला. तीन दिवस गणपतीपुळे, मग दिवसाच्या गाडीने मडगाव, तिथे दोन दिवस, आणि मंगलानेच परत घरी. मुंबईत गाडी बदलायची नाही, कल्याणचे जिने चढायचे नाहीत.

आधी विचारायला हवं होतं, हे मान्य. अप्पा, तुम्ही म्हणाल, घरात रेल्वेचा पास असताना तिकिटाला पैसे घातलेच कशाला? पास काढायचा तर तुम्हाला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. दिवाळीत नाही, कारण भावबीज. जानेवारीत नाही, कारण केळीला पाणी. उन्हाळ्यात तर नाहीच. रावेरच्या मामाच्या वेळी आपण 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिलो, ते मला अजून झोपू देत नाही. मार्चमध्ये तुमची छाती भरून आली आणि दोन दिवस तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, तेव्हापासून तर मुळीच नाही. डॉक्टरांना मी विचारलं आहे. प्रवास चालेल, दगदग नको, असं म्हणाले. दगदग होणार नाही याचीच सगळी सोय केली आहे.

आणि एक सांगायचं राहिलं आहे. गेल्या फेब्रुवारीत ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मी कोकण रेल्वेच्या याच मार्गाने गेले होते. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा पूल येतो, 64 मीटर उंच. खाली झाडांचे शेंडे गवतासारखे दिसत होते. मी लगेच अप्पांना फोन लावला, तुम्ही 'हॅलो' म्हणालात आणि गाडी बोगद्यात शिरली. फोन कटला. मी पुन्हा केला नाही. मैत्रिणी हसत-खिदळत होत्या, वडे आले, राहून गेलं. रात्री आठवलं तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती. तुम्हीही नंतर कधी विचारलं नाहीत की कशाला केला होतास फोन. मला ते फार लागून राहिलं आहे.

1998 मध्ये ती लाईन पुरी झाली तेव्हा मी सातवीत होते. इंजिनांच्या शेडमधून आल्यावर हातसुद्धा न धुता तुम्ही पेपरातला नकाशा मला दाखवला होता, त्यावर तुमच्या बोटाचा काळा ठसा उमटला होता. रोह्यापासून खाली मंगळूरच्या अलीकडपर्यंत, 1990 ला काम सुरू आणि आठ वर्षांत पुरं, कोकण रेल्वेच्या श्रीधरन साहेबांनी करून दाखवलं, असं तुम्ही आईलाही दोनदा सांगितलंत. आयुष्यभर तुम्ही इंजिनं बरी करून दुसऱ्यांच्या प्रवासाला पाठवलीत. आता 2022 पासून तो सगळा मार्ग विजेवर आहे, म्हणजे तुमच्या हाताखालून जायची तसलीच इंजिनं तिथे धावतात. मला तुमच्या शेजारी बसून ते ऐकायचं आहे. इगतपुरीनंतर कसारा घाट उतरताना मला उठवा. 37 ला 1 चा उतार म्हणजे काय, ते लहानपणी तुम्ही पाटी तिरकी धरून समजावलं होतं. येताना चढावर मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी इंजिनं, लागतील तेही बघू.

बोगदे नव्वदच्या वर आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. आई, घाबरू नकोस, डब्यात दिवे असतात. पुलावरून मालगाडीचे डबे मोजायला अप्पांनी शिकवलं तसे मी बोगदे मोजत होते. चिपळूणच्या पुढे मोजणी चुकली. या वेळी आपण दोघं मोजू.

आई, तुझ्यासाठी मुद्दाम. गाडीतून सारखा समुद्र दिसेल असं मनात धरू नकोस. आपल्या बाजूच्या कोकणात रूळ आतून, डोंगरांतून गेले आहेत. सावित्री, वाशिष्ठी अशा नद्या लागतात, दरीतली कौलारू घरं, सुपारीच्या बागा. पाण्याचा मोठा विस्तार दिसतो तो गोव्यात, मांडवी आणि जुवारीवर. पण गणपतीपुळ्याला देऊळच समुद्रकाठी आहे. पॅसेंजरने रावेरला जाताना तापीच्या पुलावर तू माझ्या हातात नाणं द्यायचीस टाकायला. एकदा तू अप्पांना विचारलंस, हे पाणी जातं कुठं? अप्पा म्हणाले, सुरतेपलीकडे समुद्रात. तू म्हणालीस, 'पाह्यला पाह्यजे एकदा.' मी तेव्हा तुझ्या मांडीवर होते, पण ऐकलं होतं.

प्रदक्षिणा तिथे अख्ख्या डोंगराची घालतात. तू घालायची नाहीस. गुडघा आहे. बाहेरून हात जोड, देव समजून घेतो.

सोयीचं सांगते. मंगलाला थर्ड एसी, तुम्हा दोघांना खालचे बर्थ, वरचा माझा. डब्यात कमोड असतो. राहायची खोली तळमजल्यावर, गरम पाणी आहे, जेवण शाकाहारी, तुझ्या माळेला काही बाधा नाही. आमटीत गूळ असेल आणि सगळ्यात नारळ, पण उकडीचे मोदक खाल्ल्यावर तू काही बोलणार नाहीस. रत्नागिरी ते मडगाव मांडवी एक्स्प्रेसचं स्लीपर घेतलं आहे. जनशताब्दीला काचेच्या छताचा डबा असतो, तोही बघितला. पण अप्पांना खिडकी उघडून वारा लागतो, हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात तिथलं हिरवं जास्त असतं, पण तेव्हा गाड्या सावकाश चालवतात आणि उशीर होतो. ताटकळत बसणं तुम्हाला नको.

आता नीट ऐका. दोघांची मूळ आधार कार्डं बॅगेत नाही, खिशात. अप्पांच्या गोळ्या दहा दिवसांच्या, त्यातल्या दोन दिवसांच्या आईच्या पर्समध्ये वेगळ्या. बॅगा दोनच. सतरंजी नको, चादरी गाडीत मिळतात. पाण्याच्या मोटारीचं आणि केळीचं मी काकांशी बोलले आहे, ते रोज मळ्यात चक्कर मारतील. दूधवाल्याला सांगा. बबीला मी सांगितलं आहे, तिने रुसायचं नाही, तिला उन्हाळ्यात नेऊ. मी 6 तारखेलाच घरी येते, बांधाबांध मी करीन. आई, तू फक्त रात्रीपुरत्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा कर.

आणि खरंच मन नसेल तर रागावणार नाही, तिकिटं रद्द करता येतात. पण 'घर कोन पाहीन' हे कारण चालणार नाही. पैशांचं तर नाहीच.

तुमची,
ताई

ता. क. आई, तो पितळी डबा आणू नकोस, जड आहे. स्टीलचा आण. बरं, तुला त्यातच भाकरी मऊ राहते असं वाटत असेल तर आण, मी उचलीन.