तुझ्या डोहाळजेवणाला का आले नाही ते

मने,

"सुट्टी नाही मिळाली गं" असा मेसेज मी टाकला ना, तो खोटा होता. तुझ्यासाठी हिरवी साडी घेतली होती, सांगलीचं तिकीट काढलं होतं, बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि सकाळी बाथरूममध्ये जाऊन बसले ती गाडीची वेळ टळेपर्यंत उठलेच नाही. फोनवर सांगायला जमणार नाही, रडू फुटतं, म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये माझं "पोटाचं छोटं ऑपरेशन" झालं एवढंच तुला माहितीये. अगं मी प्रेग्नंट होते. सातवा आठवडा. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या म्हणून तुलाही नाही सांगितलं आणि आता तेच जास्त खातंय मनाला. थोडं स्पॉटिंग होत होतं, ओटीपोटात डावीकडे दुखायचं, मी गॅस समजून ओवा खाल्ला. त्या दिवशी खांदा एवढा ठणकायला लागला की मी बाम चोळत बसले, म्हटलं आखडला असेल. नंतर डॉक्टर म्हणाल्या, पोटात रक्त साचलं की वर श्वासाच्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात येते. म्हणजे मी बाम चोळत होते आणि आत गर्भनळी फुटलेली होती. भाजी चिरता चिरता ओट्यापाशीच घेरी येऊन पडले.

एक्टोपिक म्हणतात त्याला. गर्भ पिशवीत न रुजता नळीतच रुजतो. शंभरात एकदोघींना होतं म्हणे, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. मी स्ट्रेचरवरून एकच विचारत होते, तिथून काढून पिशवीत नाही का ठेवता येणार? डॉक्टरांनी माझा हात धरला आणि नाही म्हणाल्या, असं कुठेच करता येत नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, डावी नळी काढली, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. लवकर कळलं असतं तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं, हा "कदाचित" मी रात्री किती वेळा घोळवते ते अमोललाच माहीत.

शरीराचं म्हणशील तर पोटावर तीन बारीक टाके, खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्याने परत खांदे दुखले आणि मी घाबरून नर्सला हाका मारल्या. पण सगळ्यात वाईट काय माहितीये? बीटा एचसीजी, प्रेग्नंसीच्या हार्मोनची रक्ततपासणी. आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त द्यायला जायचं. बाळ नाही, तरी रक्त म्हणतंय मी प्रेग्नंट आहे. लॅबमधल्या मुलीने हसून "काँग्रॅट्स मॅडम" म्हटलं, मी थँक्यू म्हणून बाहेर आले आणि स्कूटरपाशी उभी राहून हुंदके देत रडले.

घरी येणारा प्रत्येक जण एकच बोलतो, "जीव वाचला, देवाची कृपा." वाचलाच गं, मान्य आहे मला. पण त्यापुढे बोलायची सोयच राहत नाही. शेजारच्या काकूंनी पपई खाल्लेली का विचारलं. (पपईचा काही संबंध नसतो, मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं.) ऑफिसात एचआरने आधी सिक लीव्ह लावली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात गर्भपाताला ६ आठवडे पगारी रजा आहे, पण "तुमचं तर नळीचं ऑपरेशन ना?" असं म्हणाले. बाळंतिणीला सव्वा महिना असतो, कुणी गेलं की सुतक असतं. माझ्या वेळेला ना सोयर ना सुतक. तेराव्या दिवशी मी पोळ्या लाटत होते.

अमोलने मात्र एक केलं. प्रेग्नंसीत घेतात त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप ड्रॉवरमध्ये होती, ती त्याने फेकली नाही, मला विचारलं ठेवू का. मी ठेव म्हटलं. मग दोघं जमिनीवर बसून पहिल्यांदा एकत्र रडलो. आता डॉक्टरांनी एका समुपदेशकांकडे पाठवलंय, दोन वेळा जाऊन आले, बरं वाटतंय थोडं. दुसरी नळी चांगली आहे, पुन्हा राहू शकतं, फक्त पाळी चुकली की लगेच सोनोग्राफीला या असं बजावलंय. सध्या तो विषयच नकोय मला.

आणि मने, तुझं पोट बघवलं नसतं मला. हे लिहिताना लाज वाटतेय पण तुझ्याशी खोटं नाही बोलायचं आता. तुझा राग नाही, तुझ्या बाळावर तर नाहीच नाही, एवढं मात्र खरं मान.

साडी उद्या कुरिअर करते, काठ जांभळा आहे, तुला आवडतो तसा. रविवारी दुपारी फोन कर. मी रडले तर रडू दे, गप्प बसून ऐक, "होईल गं परत" तेवढं म्हणू नकोस. आणि मग बाळ लाथा कधी मारतं ते सांग, माझ्यासाठी म्हणून लपवू नकोस.

तुझीच,
सुमी